टाकीमागचा वाफा

रोपवाटिकेत तिला सगळे दाई म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहून गेलं होतं. दाई म्हणायचं कारण साधं: जे बी कुणाच्याही हातून उगवायचं नाही, ते तिच्या हातून उगवायचं. काही बियांना ओल्या वाळूत दोन हिवाळे झोपवावं लागतं, काहींना पॉलिश पेपरवर घासून त्यांची मस्ती उतरवावी लागते आणि काहींना पेरून चक्क विसरून जावं लागतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बावीस वर्षं मातीत बसून बसून ते तिच्या बोटांत उतरलं होतं. तसं ते गुडघ्यांतही उतरलं होतं. बोटांचं कौतुक सगळे करायचे, गुडघे तिचे तिलाच वागवावे लागायचे.

रोपवाटिका सरकारी होती, डोंगरावरच्या देशी झाडांची. एकदा लावली की वीस-वीस वर्षं जगणारी ही झाडं. हिवाळ्यात वरनं मेल्याचं सोंग घ्यायची आणि थंडी सरली की त्याच जागेवरून पुन्हा डोकं काढायची. त्यांना सांभाळणारी माणसं मात्र हंगामी. अकरा महिने झाले की महिनाभर घरी बसवायचे आणि बाराव्या महिन्यानंतर नवा नंबर देऊन पुन्हा घ्यायचे, म्हणजे कागदावर कुणी जुनं होत नसे. दाईला बावीस वर्षांत बावीस नंबर मिळाले होते.

"आपण झाडाच्या पोटी यायला हवं होतं बघ दाई," पंपवाले काका म्हणायचे. "एकदा लावलं की कायम. वर पाणीपण वेळेवर."

"तुमच्या पंपाचं पाणी आणि वेळेवर?" दाई म्हणायची, आणि काका पाइपाला शिव्या देत निघून जायचे.

त्या वर्षी शेतमजुरांसाठी नवा कायदा आला. ज्याचे पाच हंगाम झालेत आणि जो कौशल्याची चाचणी पास होईल, त्याला 'कुशल' म्हणून कायम करायचं, असं त्यात होतं. कायम म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, आणि वय झालेल्यांना बसून करायचं काम. पंचावन्नच्या पुढच्यांना चाचणी नाही. दाईला चौपन्न सरत आली होती. पुढच्या वर्षी तिच्या बोटांत कितीही दाईपण असलं, तरी कायद्याला ती दिसणार नव्हती.

आणि घरात चाचणीला बसणारी दुसरी होती तिची सून.

सून सात वर्षांपूर्वी घरात आली आणि सहा वर्षांपूर्वी रोपवाटिकेत. पहिलं वर्ष दोघींचं भांडणात गेलं, म्हणजे घरात भाजीच्या मिठावरून आणि कामावर पाण्याच्या झारीवरून. मग एक दिवस सुनेनं न विचारता कुंडीतलं रोप उपटून मुळाचा वास घेतला आणि म्हणाली, "हे जास्त पाण्यानं सडतंय, नाही का आई?" त्या दिवसापासून दाईनं तिला हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. कौतुक तोंडानं कधी केलं नाही. तसं करायची त्यांच्या घरात पद्धतच नव्हती. कौतुक म्हणजे ताटात न विचारता आणखी एक पोळी पडायची, झालं.

सुनेला कायम व्हायचंच होतं, त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात मातीचे ट्रे उचलता उचलता तिचा गर्भ पडला होता. हंगामी बाईला रजा नसते. सुट्टी घेतली की नंबर जातो, म्हणून तिनं सुट्टी घेतली नव्हती, आणि दाईनंही 'घे' म्हटलं नव्हतं. दाईच्या मनातून ते जात नसे. त्यानंतर मुलाचा विषय निघाला की सून एवढंच म्हणायची, "कायम झाले की मग." दाईचा मुलगा ट्रक चालवायचा. पंधरा-पंधरा दिवस बाहेर. तो मान हलवायचा आणि झोपून जायचा.

चाचणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दोघी आवारातल्या नळावर पाय धूत बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर कागद होता. तीस झाडांची नावं, प्रत्येकाखाली दोन ओळी. चित्रं नव्हती. चित्रांची यादी मॅनेजरच्या खोलीत भिंतीवर होती आणि त्या खोलीत चिखलाच्या पायांनी जायला बंदी होती. सुनेनं ती कधी जवळून बघितलीच नव्हती.

"विचारा ना आई."

"काय विचारू? येतंय की तुला सगळं."

"येतंय असं वाटतं. मग समोर साहेब दिसला की जीभ टाळूला चिकटते."

"मग साहेबाकडे बघूच नकोस. कुंडीकडे बघ. कुंडी कुणाला खात नाही."

सून हसली आणि कागद उलटा ठेवून म्हणू लागली. तेरापर्यंत धडाधड आली. "चौदा. डोंगरतारा. देशी. मुख्य रोप. ह्यात चुकलं की बाकीची एकोणतीस बरोबर असली तरी थेट नापास. बावीस. परतारा. परकं तण. दिसेल तिथून काढायचं." ती थांबली. "डोंगरतारा म्हणजे आपली घरची ना? टाकीमागची, लाल मुळाची?"

दाई दगडानं टाच घासत होती. घासलेली टाच तिनं पुन्हा घासली.

"हो," ती म्हणाली.

ते खरंच होतं. म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

त्या दोन झाडांना मजुरांनी आपली नावं दिली होती, डोंगरतारा म्हणजे घरची आणि परतारा म्हणजे पाहुणी. वरनं बघितलं तर जुळ्या बहिणी. तसंच लांबट पान, तसंच पाच पाकळ्यांचं पांढरं फूल. फरक सगळा जमिनीखाली. घरचीचं मूळ मनगटाएवढं जाड, कंबरभर खोल जाणारं, आणि मोडलं की आत कच्च्या बिटासारखं लाल. पाहुणीचं मूळ दोऱ्यासारखं, पांढरं, आडवं पळणारं. घरची तिसऱ्या वर्षी फुलते. पाहुणी लावल्यापासून तिसऱ्या महिन्यात.

अकरा वर्षांपूर्वी रोपवाटिकेच्या तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी झाडांची यादी करायला घेतली. माणूस भला होता. मजुरांना अहो-जाहो करायचा आणि झाडांना अरे-तुरे. फोटो काढणारा शहरातून एका दिवसापुरता आला होता. चौदा नंबरला पोचला तर घरची नुसती पानांत उभी, फूल यायला अजून वर्ष होतं.

"फुलाशिवाय कसला फोटो?" फोटोवाला म्हणाला. "ओळखू कशी येणार?"

साहेबांचा चेहरा पडला. तो दाईला बघवला नाही. ती उठली, पलीकडच्या बांधावरून फुललेली पाहुणी कुंडीसकट घेऊन आली आणि म्हणाली, "ही धरा समोर. फूल तर सारखंच आहे."

साहेब हसले. "पुढच्या वर्षी आपली फुलली की बदलून टाकू."

"बदलू की," दाई म्हणाली.

त्या हिवाळ्यात साहेब वारले. फोटो राहिला. यादी छापली गेली, ती वर गेली, वरून शिक्का मारून खाली आली, आणि डोंगर हिरवे करायची मोठी योजना निघाली तेव्हा चौदा नंबरच्या फोटोवरून हजारो रोपं करायचा हुकूम आला. दाईनं तेव्हाच्या मॅनेजरला सांगून पाहिलं. त्यानं वर न बघता विचारलं, "यादी कुणी केली? साहेबांनी की तू?" ती परत कामाला लागली. पाहुणी तिसऱ्या महिन्यात फुलायची, वरची मंडळी फुलांशेजारी उभी राहून फोटो काढायची आणि सगळे खूश असायचे. ट्रेवर नाव नसायचंच, नुसती योजनेची निळी पट्टी. सुनेला तिनं सांगितलं होतं, "योजनेवाल्यांना लवकर फूल लागतं, म्हणून पाहुणी." हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

घरचीची राहिलेली रोपं तिनं पाण्याच्या टाकीमागे नेऊन लावली. तिथं कुणी जात नसे. एक्केचाळीस रोपं होती. दर वर्षी बी धरून, वाळूत झोपवून, मेली त्यांच्या जागी नवी लावून तिनं एक्केचाळीसच राखली. पंपवाल्या काकांना ठाऊक होतं. ते टाकी भरताना थोडी ओसंडू द्यायचे. त्या वर्षी अख्खा वाफा एकदम फुलायचा होता. कळ्या धरल्या होत्या.

हे सगळं नळावर बसून सांगता आलं असतं. दाईनं तोंड उघडलंही. पण सून तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर घालवायचं तिच्या जिवावर आलं. सहा वर्षं ही पोरगी माझ्या शब्दावर झाडं लावतेय. हिला कसं सांगू, की मुळातली चूक मीच हातात धरून आणली होती? आणि मग तिनं स्वतःची समजूत घातली. चाचणी घ्यायला बाहेरचे साहेब येणार होते, शिकलेले. त्यांना खरं काय ते ठाऊक असेलच.

"चल, ऊठ," ती म्हणाली. "अंधार पडतोय."

चाचणी कुंड्या भरायच्या शेडमध्ये होती. एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर, म्हणजे आत काय विचारलं ते बाहेरच्यांना कळू नये. नंबरानं बोलावत होते. सुनेचा नंबर आधी आला. तिनं पदर खोचला, दाईकडे बघून भुवई उडवली आणि आत गेली.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग सुनेचा आवाज चढला. शब्द कळत नव्हते, पण तो आवाज दाईच्या ओळखीचा होता. मिठावरून भांडायची तेव्हाचा. मग मुकादमाचं हसणं.

"दाईचा नंबर!" मुकादम दारातून ओरडला.

आत लांब टेबलावर तीस कुंड्या होत्या आणि पलीकडे परीक्षक. तरुण होता, तिच्या मुलापेक्षाही लहान. तिला चालताना बघून तो उठला आणि स्वतःची खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणून ठेवली.

"बसा मावशी. गुडघे दुखतात वाटतं."

त्या शेडमध्ये बावीस वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणी बस म्हणालं होतं. ती बसली. आणि त्याच्यापुढचा कागद तिला दिसला. भिंतीवरचीच यादी होती, चित्रांसकट. चौदा नंबरच्या फोटोत फुललेली पाहुणी होती, आणि कुंडीच्या कडेवर एक अंगठा. मधोमध चिरलेलं नख. दाईनं आपला अंगठा मुठीत घेतला.

मग तिनं टेबलाकडे पाहिलं. चौदा नंबरच्या कुंडीत पाहुणी, फुलांनी भरलेली. बावीस नंबरला घरची. टाकीमागची. कळ्यांवरून तिनं ओळखली, हे तिसऱ्या ओळीतलं, कोपऱ्यातलं रोप. म्हणजे वाफा सापडला होता. रोप कुंडीतून अर्धं वर ओढलेलं होतं आणि त्याचं मूळ मोडून मातीवर उघडं ठेवलं होतं. आतला लाल भाग अजून ओला होता.

मोडणारी कोण, हे विचारायला नको होतं. मूळ असं, कोंब फुटतो त्या डोळ्याखाली चार बोटं सोडून, जखम झाडाला झेपेल तिथंच मोडायचं, हे त्या रोपवाटिकेत दोघींनाच येत होतं.

एकेक कुंडी ती सांगत गेली. बारा, तेरा. चौदापाशी ती खोकली.

"पाणी देऊ का मावशी?"

"नको."

"नंतर सांगितलंत तरी चालेल. पुढची घ्या."

पुढची घेतली. बावीसही सोडली. तिसावी झाली आणि दोनच राहिल्या. परीक्षकानं पेन खाली ठेवलं.

"तुमच्याआधी आल्या होत्या त्या तुमच्या सूनबाई ना? त्यांनी ही दोन उलटी सांगितली. चौदाला तण म्हणाल्या आणि तणाला डोंगरतारा. मी म्हटलं, बाई, कागदावर बघा. तर त्यांनी रोपच मोडून दाखवलं. म्हणे लाल मूळ बघा." तो जरा पुढे झुकला. चेहऱ्यावर खरंच कुतूहल होतं. "त्या म्हणतात, सासूनं शिकवलंय. तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या. खरं काय आहे? मला फळझाडांतलं कळतं, ह्यातलं फार नाही. तुम्हीही तेच म्हणत असाल तर मी वर लिहून विचारतो."

मुकादम दाराला टेकून उभा होता. "विचारा, विचारा. पण साहेब, वरून उत्तर यायला वर्ष लागतं. आणि दाईचं वय आहे चौपन्न."

तो हे दुष्टपणानं म्हणाला नव्हता. त्याला वाटलं, आपण मदत करतोय.

दाईनं लाल मुळाकडे पाहिलं. खुर्चीला पाठ टेकली होती, आणि बऱ्याच दिवसांनी गुडघ्यांतली कळ थांबली होती. पुढे ती स्वतःला किती वेळा विचारणार होती की तेव्हा मनात काय आलं. आणि दर वेळी तेच आठवणार होतं. मनात काही आलंच नाही. फक्त गुडघे दुखत नव्हते.

"चौदा डोंगरतारा," ती म्हणाली. "बावीस परतारा. तण."

"आणि सूनबाईंना तुम्ही—"

"ती नवीन आहे साहेब. काहीतरी घोळ केला असेल तिनं. मी असं शिकवलेलं नाही."

परीक्षकानं दोन बरोबरच्या खुणा केल्या. थोडा हिरमुसल्यासारखा दिसला. "तीसपैकी तीस," तो म्हणाला.

निकाल तिसऱ्या दिवशी फाटकावर लागला. दाई पहिली. सून नापासांत, आणि नावापुढे शेरा: मुख्य रोप ओळखता आले नाही, चाचणीच्या साहित्याची नासधूस केली. पुढची चाचणी तीन वर्षांनी. तोवर फक्त उचलठेवीची कामं.

"वा दाई!" मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला. "सुनेला शिकवताना हात आखडता घेतलात वाटतं! बरोबर आहे, घरात एकच शहाणी पुरे."

सगळे हसले. पंपवाले काका हसले नाहीत. ते पाइप गुंडाळत राहिले.

घरी जाताना सून दोन पावलं पुढे चालत होती. रोज दोघी बरोबरीनं चालायच्या. कोपऱ्यावर वळताना ती न थांबता म्हणाली, "बावीसला काय सांगितलंत?"

दाईनं पदर सावरला.

"मी शपथेवर सांगितलं त्यांना. म्हटलं, माझ्या सासूला विचारा, ती आत्ता येईल. ती खोटं सांगायची नाही."

मग रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून दाईनं तिला फोटोची गोष्ट सांगितली. मोठे साहेब, त्यांचा पडलेला चेहरा, कुंडी, अंगठा. सांगायला पाच मिनिटं लागली. अकरा वर्षं जे गिळून बसली होती, ते पाच मिनिटांचं होतं. सून उभीच होती. ऐकून झाल्यावर तिच्या तोंडून जे आलं, त्याची दाईनं कल्पना केली नव्हती.

"मग हे मला नळावर का नाही सांगितलंत? मीही खोटंच सांगितलं असतं! मला काय खोटं बोलता येत नाही? दोघींनी मिळून खोटं सांगितलं असतं आणि दोघी कायम झालो असतो!"

"लाज वाटली."

"कुणाची?"

"तुझी."

सुनेनं तिच्याकडे पाहिलं. दाई ज्या नजरेसाठी गप्प बसली होती, ती नजर तिथं नव्हती. "लाजेपायी माझी तीन वर्षं घेतलीत तुम्ही," सून म्हणाली. "त्यांच्या आधीची सहा धरा, तीही."

त्या रात्री तिनं स्वयंपाक केला, वाढलं, ताटं घासली. कशातही कसूर केली नाही. फक्त दाईच्या ताटात मागितल्याशिवाय काही पडलं नाही.

दाईला ओळखपत्र मिळालं, गळ्यात अडकवायच्या पट्ट्यासकट. टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. आठव्या दिवशी मॅनेजरनं तिला बोलावून कागद दिला. टाकीमागे परकं तण माजलंय, चाचणीच्या नमुन्यासाठी रोप शोधताना लक्षात आलं. ते समूळ काढावं. देखरेख: कुशल कामगार. खाली सहीची जागा.

"साहेब, पुढच्या महिन्यात काढलं तर?" दाई म्हणाली. "आत्ता माती कडक आहे."

"कळ्या आल्यात म्हणे त्याला. बी पडायच्या आत नको का काढायला? तुम्हीच तर ओळखलंत ते." मॅनेजरनं आपुलकीनं मान हलवली. "आजच उरका."

मजूर मुकादमानं ठरवले. उचलठेवीच्या टोळीतली एक बाई पुरे होती, आणि त्या दिवशी मोकळी होती ती सूनच.

टाकीमागे सावली होती. वाफ्यात आता चाळीस रोपं होती, तिसऱ्या ओळीच्या कोपऱ्यात एक खड्डा. बाकी सगळ्या कळ्या फुगून पांढुरक्या झाल्या होत्या, आणखी चार दिवसांचं काम होतं. दाईनं सगळं रात्री ठरवून ठेवलं होतं. आवाज खाली आणून ती म्हणाली, "हे बघ. नुसतं वरवर काप. विळ्यानं, जमिनीबरोबर. कुणाला कळायचं नाही. मुळं राहू देत. पुढच्या वर्षी येतील आपली आपण. मी 'समूळ' म्हणून सही करते."

सुनेनं विळा घेतला नाही. भिंतीला लावून ठेवलेली लांब पहार घेतली.

"अगं, ऐकतेस का?"

"ऐकलं."

पहिल्या रोपाभोवती तिनं वीतभर अंतरानं गोल आखला आणि पहार सरळ खाली घातली. हलवून माती सैल केली. मग गुडघ्यांवर बसून हातानं उकरत गेली, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. मूळ शेवटच्या तंतूपर्यंत अख्खं बाहेर आलं. तिनं ते झटकलं, वरचा डोळा अंगठ्यानं कट्कन मोडला आणि तणाच्या ड्रममध्ये, सडक्या पाण्यात टाकलं.

"डोळा कशाला मोडलास?" दाईनं ड्रममध्ये वाकून पाहिलं.

"तणाचा डोळा मोडल्याशिवाय ड्रममध्ये टाकायचं नाही. नाहीतर पाण्यातही फुटतं. बोटभर मूळ जमिनीत राहिलं तर त्यातूनही पुन्हा येतं." सून दुसऱ्या रोपाकडे सरकली. "पहिल्याच वर्षी शिकवलंत. विसरलात?"

"तुझा राग माझ्यावर आहे ना? मग माझ्यावर काढ. ह्यांनी तुझं काय केलंय?"

"ह्यांनी काही केलेलं नाही," सून म्हणाली. "मीही काही केलं नव्हतं."

दाईला तिचा हात धरता आला असता. मॅनेजरकडे जाऊन 'मी खोटं बोलले' म्हणून सांगता आलं असतं. तिनं ओळखपत्राचा पट्टा गळ्यात चाचपला आणि उभी राहिली. मग उभं राहवेना तेव्हा टाकीच्या कट्ट्यावर बसली. पंपवाले काका एकदा येऊन कोपऱ्यावरून बघून गेले. टाकी भरायची वेळ झाली होती, पण त्या दिवशी त्यांनी ती ओसंडू दिली नाही. थेंबभरही नाही.

दुपार कलेपर्यंत सून एकटीनं खणत होती. एकही मूळ तिच्या हातून तुटलं नाही. दाई बघत राहिली आणि इतक्या सगळ्यातही तिच्या मनात येऊन गेलं, पोरीचा हात किती तयार झालाय. तोंडानं ती काही बोलली नाही. बोलली असती तरी ते आता कुठल्या ताटात वाढायचं होतं?

चाळिसावं झाल्यावर सुनेनं पहार धुतली, वाळायला उभी केली, आणि कागद दाईपुढे धरला. हात मातीनं भरले होते म्हणून दोन बोटांत, कोपऱ्याला.

"सही करा, मॅडम," ती म्हणाली. "मला अजून ट्रे उचलायचेत."

दाईनं सही केली. सून कागद घेऊन गेली. ती गेल्यावर दाई कट्ट्यावरून उतरली, गुडघे दुखत असताना वाफ्यात बसली आणि एकेका खड्ड्यात हात घालून चाचपू लागली. बोटभर काही राहिलंय का बघत. चाळीस खड्डे, आणि एक्केचाळिसावा तो कोपऱ्यातला जुना. सगळे बघून होईपर्यंत फाटकाची घंटा वाजून गेली होती.

कुठेच काही राहिलं नव्हतं. काम चोख झालं होतं.